14 फुटी होडीला ट्रोलिंग मोटर: 55 पौंड की 80 पौंड?

खंड्या
नमस्कार मंडळी. सपाट तळाची 14 फुटी ॲल्युमिनियमची होडी घेतली आहे. मागे छोटं पेट्रोल इंजिन आहे, पण गळ टाकताना त्याचा काही उपयोग नाही. अगदी हळू ठेवलं तरी होडी हवी त्यापेक्षा जोरात जाते, शिवाय आवाज आणि धूर. वल्ह्यांनी जागा धरून ठेवायची तर दोन्ही हात अडकतात. मासा लागला की वल्हं सोडावं लागतं आणि तेवढ्यात वारा होडी आडवी करतो.
म्हणून इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर घ्यायची ठरवलं आहे. 12 व्होल्टची 55 पौंडांची घेऊ की सरळ 24 व्होल्टची 80 पौंडांची? एकदाच घ्यायची आहे, त्यामुळे मन मोठीकडे ओढतंय. मोटर पुढे लावावी की मागे, आणि बॅटरी कोणती, हेही सांगा. बहुतेक वेळा आम्ही दोघं असतो, कधी मी एकटा.

पहाटवारा
शीर्षकात ट्रोलिंग दिसलं म्हणून भांडण बघायला आलो, तर इथे मासे निघाले :) आलोच आहे तर बसतो, विषय छान आहे.

वल्हेकरी
खंड्याभाऊ, मोटरच्या आधी वजनकाट्यापाशी जा. भरलेल्या होडीच्या दर 100 पौंड वजनामागे 2 पौंड थ्रस्ट, हा सगळीकडे चालणारा हिशेब आहे. किलोत सांगायचं तर दर 100 किलोला साधारण साडेचार पौंड. हे झालं संथ पाण्याचं. वारा किंवा प्रवाह असेल तर वर निदान तिसरा हिस्सा धरा.
'भरलेली होडी' या शब्दांत बरंच काही येतं. रिकाम्या होडीचं वजन कागदावर छापलेलं असतं, ते वाचून लोक मोकळे होतात. माणसं, इंजिन, भरलेली टाकी, नांगर, दोरखंड, बर्फाची पेटी आणि स्वतः बॅटरी, सगळं मोजा आणि मग इथे आकडा टाका.

काठावरची
एक प्राथमिक शंका. पौंड म्हणजे मोटरचं वजन का? आणि हे हॉर्सपॉवरमध्ये का सांगत नाहीत?

वल्हेकरी
@काठावरची, वजन नाही, पंखा पाण्याला मागे जेवढ्या जोराने ढकलतो तो जोर, म्हणजेच थ्रस्ट. 55 पौंड म्हणजे जवळजवळ 25 किलोचा रेटा. हॉर्सपॉवरशी थेट भागाकार जमत नाही, कारण पॉवरमध्ये वेगही येतो आणि ट्रोलिंग मोटरचं सगळं काम कमी वेगातलं. तरी अंदाज हवा असेल तर असं बघा. 12 व्होल्टची 55 पौंडांची मोटर पूर्ण जोरात साधारण 50 अँपिअर ओढते. म्हणजे 600 वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. बॅटरीतून जाते तीच शक्ती एका हॉर्सपॉवरपेक्षा कमी, आणि पाण्यापर्यंत त्यातली बरीच कमी पोचते.

गळवाला
वल्हेकरींच्या हिशेबाला अनुमोदन, फक्त तो कमीत कमीचा आकडा आहे हे विसरू नका. माझी पहिली मोटर 30 पौंडांची होती. हिशेबात चपखल बसली होती. सकाळी आरशासारख्या पाण्यावर दोन तास मजेत फिरलो. दहाच्या सुमाराला वारा उठला आणि परतीची वाट नेमकी वाऱ्यासमोर. सगळ्यात वरच्या वेगावर ठेवूनही काठावरचं एक वाळकं झाड किती तरी वेळ डोळ्यांसमोरून हलेना. मी पुढे जात नव्हतो, बॅटरी मात्र उतरत होती. शेवटी वल्ही काढली आणि मोटर अधिक दोन हात असा घरी आलो. तळहातांचे फोड आठवडाभर होते.
त्या दिवसापासून होडीचं वजन पाण्यासाठी आणि थ्रस्ट वाऱ्यासाठी धरतो.

तारजोड
गळवाला काकांचं झाड का हलत नव्हतं, ते गणितात दिसतं. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. होडी, माणसं आणि सामान मिळून वाऱ्याला साधारण 3 चौरस मीटरचा आडोसा मिळतो असं धरू. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्याला त्यावर अंदाजे 12 पौंडांचा रेटा येतो. वारा 40 झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, म्हणजे 50 पौंडांच्या आसपास. होडी वाऱ्यासमोर नाक करून असेल तर आडोसा कमी, आडवी झाली की पूर्ण.
म्हणून होडी उंच कडांची असेल, वर छत असेल, तर नुसत्या वजनाच्या हिशेबावर जाऊ नका.

खंड्या
म्हणजे 80 च घ्यावी ना? दोन बॅटऱ्या लागतील, पण वेगही मिळेल.

वल्हेकरी
नाही हो, वेग मिळणार नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. ट्रोलिंग मोटरचा पंखा हळू फिरून जास्त पाणी ढकलण्यासाठी घडवलेला असतो. एका फेऱ्यात तो पाण्यात किती पुढे सरकणार हे त्याच्या पात्यांच्या तिरकेपणावर ठरतं. 55 असो की 80, तुमच्या होडीला वरचा वेग ताशी 6-7 किलोमीटरच्या आसपासच मिळेल. जास्त थ्रस्टने वारा आणि वजन पेलतं. दूर जायला पेट्रोल इंजिन आहेच की.

ढोकरी
24 व्होल्टची बाजू मीही मांडतो, कारण माझ्याकडे तीच आहे. तेवढाच जोर 24 व्होल्टला निम्म्या अँपिअरमध्ये मिळतो. वायर कमी तापते, मोटर निवांत चालते. पण माझी होडी 18 फुटी, जाड फायबरची, आणि आम्ही चौघं असतो. 14 फुटी ॲल्युमिनियमला दोन शिशाच्या बॅटऱ्या म्हणजे जवळजवळ 60 किलो. एक अख्खा माणूस फुकट बसवल्यासारखं होतं.
ढोबळ वाटणी अशी: 12 व्होल्टवर 55 पौंडांपर्यंत, 24 वर 70-80, 36 वर 100 च्या पुढे. तुमचा हिशेब 55 मध्ये सैलसर बसत असेल तर पुढची पायरी चढू नका.

निळीशार
मी कयाकवर 30 पौंडांची वापरते आणि बहुतेकदा एकटी असते. माझं मत जरा वेगळं आहे. पौंडांच्या आधी हे ठरवा की मोटर हाताने वळवायची, पायाने की रिमोटने. एकट्या माणसाला दोन हात गळासाठी मोकळे लागतात. पुढे बसवलेली, पायाच्या पॅडलची मोटर त्यासाठीच असते.
ज्यांना जमेल त्यांनी जीपीएसने जागा धरणारी मोटर बघावी. बटण दाबलं की मोटर स्वतः दिशा आणि वेग बदलत होडी त्याच जागेभोवती ठेवते. नांगर टाकताना तळाशी होणारी धडधड नाही, गाळ ढवळला जात नाही, खोल पाण्यात हात-हात दोर ओढणं नाही.

गळवाला
निळीशारताई, जीपीएसबद्दल माझं मत थोडं वेगळं. 14 फुटीला साधा नांगर पुरतो. जागा धरणारी मोटर वाऱ्यात सतत चालू राहते, म्हणजे बॅटरी सतत खाते. नांगर काही खात नाही. आणि जेवढी इलेक्ट्रॉनिक्स जास्त, तेवढ्या पाणी शिरायच्या जागा जास्त.

निळीशार
काका, पाच-सहा मीटर पाण्यात नांगर ठीक. मी जिथे जाते तिथे 25 मीटर खोली आणि तळाला बुडालेली झाडं. दोन नांगर तिथेच सोडून आले आहे. दर वीस मिनिटांनी जागा बदलायची असेल तर नांगर नकोसा होतो. बॅटरीचं मात्र तुमचं खरं आहे, वारा असला की माझा खर्च दिसण्याइतका वाढतो.

काठावरची
पुढे आणि मागे यात फरक काय पडतो?

ढोकरी
रिकामी हातगाडी दोरीने ओढत नेली की ती तुमच्या मागे सरळ येते. तीच मागून एका बोटाने ढकला, तोंड भरकटत राहतं. होडीचं तसंच. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला मोटर असली की होडी ओढली जाते आणि वाऱ्यात नाक सरळ राहतं. मागच्या फळीवर असली की ढकलली जाते आणि सतत सुकाणू सांभाळावं लागतं.
मागे लावण्याचे फायदेही आहेत. दोन चिमटे आवळले की बसली, काढायला अर्धं मिनिट, भोकं पाडायची नाहीत. मागे लावायचीच असेल तर एक युक्ती आहे: होडी उलटी चालवा, मागची फळी वाऱ्याकडे करून. बऱ्याच मोटरींचं डोकं उलटं फिरवून बसवता येतं, म्हणजे पुढच्या दिशेचे सगळे वेग उलट्या दिशेला मिळतात. चौकोनी फळीवर लाटा आपटतात, म्हणून हे फक्त शांत पाण्यात.

वल्हेकरी
आणि पुढे लावणार असाल तर पंखा पाण्यात धरणाऱ्या दांडीची लांबी मोजूनच घ्या. चुकलेली दांडी नंतर दुरुस्त होत नाही. होडी पाण्यात, माणसं आणि सामान जागच्या जागी, मग मोटर बसेल त्या पत्र्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या. त्यात 16 इंच मिळवा, लाटा असतील तिथे आणखी 5. दांडी आखूड पडली की नाळ लाटेवर उचलली जाते, पंखा हवा ओढतो, फर्रर्र आवाज येतो आणि होडी जागची हलत नाही. सगळे मासे पळतात ते वेगळंच.

खारंपाणी
वाचतोय. आमच्यासारखे खाडीत जाणारे कुणी असतील तर त्यांच्यासाठी: खाऱ्या पाण्याची मोटर वेगळी येते, तीच घ्या. तिच्यावर गंजरोधक लेप असतो आणि पंख्यापाशी जस्ताचा बळीचा तुकडा असतो, जो स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतो. तो अर्धा झिजला की बदलायचा. त्यावर रंग लावायचा नाही, रंगवला तर तो कामच करत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं रोजचंच. खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाहही असतो, तिथे वल्हेकरींच्या हिशेबाच्या दुप्पट थ्रस्ट घ्या असं मी सांगेन.

तारजोड
आता बॅटरी. मोटर चुकली तर दिवस खराब होतो, बॅटरी-वायर चुकली तर आग लागू शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
गाडी सुरू करायची बॅटरी वापरू नका. ती दोन सेकंद जोराचा झटका द्यायला बनवलेली असते, रोज अर्धी रिकामी केली की काही महिन्यांत मरते. डीप सायकलच हवी, म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर रिकामी करून भरता येणारी.
शिशाची असेल तर 100 अँपिअर-तास ही पाटी वाचून फसू नका. तो आकडा 20 तासांत, म्हणजे 5 अँपिअरच्या संथ ओढीने मोजलेला असतो. 50 अँपिअर ओढलेत की तीच बॅटरी बरीच कमी देते, शिवाय अर्ध्याखाली नेली की आयुष्य घटतं. म्हणजे पूर्ण जोरात तासभरही धरू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटची 100 ची बॅटरी तेवढ्याच ओढीला दोन तासांच्या जवळ जाते, आणि वजन 30 किलोऐवजी 11-13 किलो.
पूर्ण जोर कुणी दिवसभर वापरत नाही म्हणा. होडीला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग निम्मा केलात तर कागदावर शक्ती आठव्या हिश्शावर येते. प्रत्यक्षात इतका फायदा होत नाही, पण 50 वरून 10-12 अँपिअरवर येणं नेहमीचं आहे. तिथे लिथियमची 100 ची बॅटरी आठ तास चालते.
त्यातही मोटर जुन्या पाच वेगांची आहे की सलग वेग बदलणारी, हे बघा. पाच वेगांच्या मोटरीत हळू वेगाला उरलेली वीज तारेच्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. सलग वेगाची मोटर वीज क्षणोक्षणी चालू-बंद करत लागेल तेवढीच घेते. आपलं निम्मं काम हळू वेगातलं, तेव्हा हा फरक थेट तासांत दिसतो.

गळवाला
मी अजून शिशावरच आहे. उतरत आली की मोटर मंदावते, मला कळतं, मी काठ धरतो. लिथियम म्हणे एकदम बंद पडते.

तारजोड
काका, बरोबर आहे. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, आणि मग आतलं संरक्षण सर्किट एका क्षणात वीज तोडतं. व्होल्ट बघून किती उरली ते कळत नाही. म्हणून लिथियमबरोबर शंट लावलेला मीटर घ्यावा, तो गेलेले अँपिअर मोजून उरलेले टक्के दाखवतो. चार्जरही लिथियमचाच, आणि पारा शून्याखाली असताना चार्ज करायची नाही.
वायर: बॅटरी मागे आणि मोटर पुढे असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर होतात. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीत 50 अँपिअरला 2 व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच जातात. 12 तले 2! मोटर लंगडी पडते आणि वायर गरम होते. 16 चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहतो. 60 अँपिअरचा ब्रेकर, आणि तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ. मोटरजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरीला संरक्षणच नाही.

पहाटवारा
काय धागा आहे! वाचनखूण साठवली.
अवांतर: होडीला मागून लावायची पहिली मोटर पेट्रोलची असेल असं मला वाटायचं, पण ती विजेचीच होती. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने 1881 साली पॅरिसमध्ये सीन नदीवर ती चालवून दाखवली. मासेमारीसाठीची विजेची ट्रोलिंग मोटर अमेरिकेत 1934 ची, आणि ती बनवणाऱ्या मिन कोटा कंपनीचं नाव मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या नावांतून आलं.

खारंपाणी
अवांतर आवडलं. आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे कुणाची तरी मोटर वाचेल.
मोटर चालताना थोडी गुरगुरायची. मी लक्ष दिलं नाही. दोन महिन्यांनी पंख्याचं नट काढलं, पंखा ओढला, तर आत दांड्याभोवती नायलॉनची दोरी. बारीक, पारदर्शक, इतकी घट्ट गुंडाळलेली की काचेची अंगठी वाटावी. पातळ सुरीने एकेक वेढा कापला. शेवटचे तीन वेढे रबरी सीलच्या ओठात रुतले होते. सील कापलं गेलं होतं, आणि डबी उघडली तेव्हा चमचाभर तांबूस पाणी बाहेर आलं.
आता दर तिसऱ्या-चौथ्या फेरीला पंखा काढून बघतो, दोन मिनिटांचं काम. आडव्या पिनेचं एक जोड आणि एक जास्तीचं नट पेटीत ठेवा. पंखा ओंडक्यावर आपटला की पिन तुटते आणि मोटर वाचते, पण दुसरी पिन नसेल तर वल्हीच मारावी लागतात.

निळीशार
+1. मासाशोधक यंत्राला वेगळी छोटी बॅटरी द्या. एकाच बॅटरीवर घेतलं तर मोटर सुरू झाली की पडद्यावर रेघोट्या येतात. त्याची वायरही मोटरच्या वायरीपासून लांब ठेवा.
आणि एकटे जाणाऱ्यांनो, लाइफ जॅकेट अंगात घाला, सीटखाली ठेवू नका. पाण्यात पडलात तर विजेची मोटर आवाज न करता होडी पुढे घेऊन जाते. पोहून गाठता येत नाही. मी मनगटाला थांबवायची दोरी बांधल्याशिवाय चालूच करत नाही, रिमोटही गळ्यात.

काठावरची
आवाजाने मासे घाबरतात का? त्यासाठीच तर विजेची घेतात ना?

गळवाला
माझा अनुभव, एकसारखी गुणगुण त्यांना चालते. सारखं चालू-बंद, चालू-बंद केलं की उथळ पाण्यात लगेच विखुरतात. म्हणून मी कमी वेगावर चालूच ठेवतो. ब्रशलेस मोटरी जास्त शांत असतात हे मात्र दुसऱ्याच्या होडीत बसून अनुभवलंय.

खंड्या
मंडळी, चार दिवस गायब होतो कारण खरंच वजनकाटा घेऊन बसलो होतो. होडी 125, आम्ही दोघं 150, इंजिन आणि भरलेली टाकी 55, नांगर-दोर-पेटी-सामान 60, लिथियमची बॅटरी आणि मोटर मिळून 30. एकूण 420 किलो. मी मनात 300 धरून चाललो होतो!
वल्हेकरींच्या हिशेबाने 19 पौंड, तिसरा हिस्सा वर धरून 25. तारजोड यांच्या 20 च्या वाऱ्याचे 12 पौंड निराळे धरले तरी 37. म्हणजे 55 पुरते. 80 चा विचार सोडला. उरलेल्या पैशांत लिथियम, शंट मीटर आणि 16 ची वायर. सलग वेगाची, पुढे लावायची, पायाच्या पॅडलची घेतोय. आम्ही दोघं आणि सामान होडीत असताना नाळेच्या पत्र्यापासून पाणी 20 इंचांवर आलं. म्हणजे 48 इंची दांडी बरोबर ना?

वल्हेकरी
20 अधिक 16 अधिक 5, झाले 41. 42 इंची काठावर बसते, 48 निवांत. जास्तीची दांडी वर ओढून घेता येते, आखूड लांब करता येत नाही. 48 घ्या. आणि 40 चा वारा उठायच्या आत काठाला या, त्याला 55 ही पुरणार नाही.

ढोकरी
बॅटरी कुठे ठेवताय? पुढे मोटर, पुढे तुम्ही, पुढेच बॅटरी असं झालं तर एकटे असताना नाक बुडेल.

खंड्या
मधल्या बाकाखाली, पट्ट्याने बांधून. वायर दोन्हीकडून सारखी पडते. एकटा असेन तेव्हा मागे पाण्याचे दोन कॅन ठेवून बघतो.

खारंपाणी
पहिल्या फेरीनंतर पंखा काढून बघायला विसरू नका.

खंड्या
नट खोलायचा पाना आणि दोन पिना आधीच पेटीत टाकल्यात. रविवारी पहाटे पाण्यात उतरतोय, दुपारी इथे सांगतो.